सोसायटीच्या पार्किंगखाली पाणी थोपवणारी टाकी: नागपुरात ती कशी आखावी, बांधावी आणि चालवावी

२०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठावरील अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरले. त्या रात्रीचे पाणी कोणत्याही एका सोसायटीच्या टाकीने अडले नसते, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. नदी पात्राबाहेर आली की पार्किंगखालची टाकीही बुडते. हा लेख त्यापेक्षा लहान, पण दर पावसाळ्यात चार-सहा वेळा येणाऱ्या संकटाबद्दल आहे. पाऊण तास जोराची सर येते, रस्त्याकडेची नाली तुडुंब भरते, फाटकापाशी गुडघाभर पाणी साचते आणि तळपार्किंगमधल्या दुचाकी सायलेन्सरपर्यंत बुडतात. हे पाणी नदीचे नसते. ते आपल्याच छताचे आणि आपल्याच पेव्हर ब्लॉकवरचे असते, आणि शेजारच्या दहा इमारतींनी त्याच दहा मिनिटांत नालीत सोडलेल्या पाण्याशी त्याची गाठ पडलेली असते.

यावरचा उपाय कागदावर सोपा आहे. सरीच्या जोरात येणारे पाणी जमिनीखालच्या टाकीत घ्यायचे आणि नालीला झेपेल तेवढ्याच बारीक धारेने बाहेर सोडायचे. मात्र ही टाकी पाऊस सुरू होण्याच्या क्षणी रिकामी असावी लागते, आणि आपल्याकडे नेमके हेच कोणाला पटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टँकरच्या खेपा मोजाव्या लागतात, अशा शहरात भरलेली टाकी सोडून द्या म्हटले की माणसाच्या जिवावर येते.

दोन टाक्या, दोन कामे

दक्षिण-पश्चिम भागातल्या एका सोसायटीत मी हिशेब करून टाकी बांधून दिली होती. पुढच्याच ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये पाणी भरले म्हणून मला बोलावणे आले. झाकण उचलले तर पाणी वरच्या कड्यापर्यंत टेकलेले, आणि त्यावर कडुनिंबाच्या पिवळ्या काड्या शांतपणे तरंगत होत्या. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, म्हणजे टाकी कधीच रिकामी व्हायला हवी होती. टाकीतून पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद होता. चौकीदार काकांनी जराही न लपवता सांगितले, "साहेब, एवढं चांगलं पाणी गटारात जात होतं, म्हणून मीच बंद केला. बगिच्याला होते ना!" काकांचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती, कारण दोन परस्परविरोधी कामे मी एकाच टाकीवर लादली होती आणि वर त्यांच्यामध्ये हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह ठेवला होता.

तेव्हापासून मी दोन टाक्या वेगळ्या ठेवतो. पहिली साठवणीची टाकी लहान, साधारण वीस हजार लिटरची असते. त्यात फक्त छताचे पाणी येते आणि ते बगिचा, फरशी व गाड्या धुण्यासाठी वापरतात. ती भरली की तिचा ओव्हरफ्लो दुसऱ्या, म्हणजे थोपवण्याच्या टाकीत जातो. या दुसऱ्या टाकीत पार्किंगचे आणि अंगणाचे पाणीही येते. तिच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर व्हॉल्व्ह नसतो, फक्त ठरलेल्या मापाचे एक छिद्र असते, जे बंद करण्याची सोय कोणालाच नसते. हिशेब करताना साठवणीची टाकी भरलेलीच आहे असे धरावे, कारण ऑगस्टमध्ये ती भरलेलीच असते.

आधी पातळी, मग बाकी सगळे

बहुतेक जण टाकीच्या आकारापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात पातळीपासून करावी. टाकीतून पाणी आपोआप उताराने बाहेर जाणार असेल, तर टाकीतले छिद्र महापालिकेच्या पावसाळी नालीच्या तळापेक्षा वर असले पाहिजे. आपल्याकडच्या अनेक ले-आऊटमध्ये रस्त्याकडेची नाली जेमतेम दोन-तीन फूट खोल असते. तिच्या तळावर छिद्र, छिद्रावर साठा, साठ्यावर मोकळी जागा, त्यावर स्लॅब आणि त्यावर पेव्हर असा हिशेब वरपर्यंत नेला, तर पाण्यासाठी फूटभरही उंची उरत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी ऑटो लेव्हल (पातळी मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र) लावून चार पातळ्या घ्याव्यात: पार्किंगचा सर्वांत खालचा भाग, फाटकाचा उंबरा, रस्त्यावरच्या नालीचा तळ आणि भूखंडाच्या आसपास दोनशे मीटरच्या आत असलेल्या सर्वांत खोल पावसाळी चेंबरचा तळ. यंत्र मिळाले नाही तर गवंड्याची पारदर्शक पाणनळीही चालेल, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नये. पश्चिम नागपुरात जमीन उताराची असल्याने मागच्या गल्लीतले चेंबर पुष्कळदा समोरच्यापेक्षा मीटर-दीड मीटर खाली सापडते, आणि थोडी जास्त पाइपलाइन टाकली की पंपाची गरजच संपते. सपाट भागात मात्र पंप लागतोच. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

पातळी घेतानाच आणखी एक खात्री करून घ्यावी. ज्या चेंबरला जोडणी द्यायची, ते खरोखर पावसाळी नालीचे आहे, गडरलाइनचे म्हणजे मलवाहिनीचे नाही. झाकण उघडल्यावर वास सांगतोच, तरीही बादलीभर रंगीत पाणी वरच्या चेंबरमधून सोडून ते खाली कुठे निघते हे डोळ्यांनी पाहावे. पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडले, तर पहिल्याच मोठ्या सरीत तळमजल्याच्या संडासातून ते परत वर येते. जोडणीसाठी महापालिकेच्या झोन कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, आणि भूखंड नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ले-आऊटमधला असेल तर नालीची देखभाल नेमकी कोणाकडे आहे हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

किती पाणी येईल

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. सगळा हिशेब या एका वाक्यावर उभा आहे. पडलेले सगळे पाणी मात्र वाहत नाही. काही मुरते, काही खळग्यांत अडते. जेवढा हिस्सा वाहून येतो त्याला अपधाव गुणांक म्हणतात. काँक्रीटच्या छताला तो ०.९ धरावा, पेव्हर ब्लॉकला ०.७५ आणि बगिच्याला ०.३. पेव्हरच्या फटींतून पाणी मुरते असे विक्रेते सांगतात, पण दोन वर्षांनी त्या फटी मातीने घट्ट बसतात आणि खाली बहुधा काँक्रीटचा थर असतोच, म्हणून मी ०.७५ च्या खाली येत नाही.

उदाहरणासाठी दोन हजार चौरस मीटरचा, म्हणजे साधारण साडेएकवीस हजार चौरस फुटांचा भूखंड घेऊ. छत ८०० चौरस मीटर, पेव्हर ७००, काँक्रीटचा रस्ता व रॅम्प २००, बगिचा ३००. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडला, तर छतावरून ४३.२ घनमीटर, पेव्हरवरून ३१.५, काँक्रीटवरून १०.८ आणि बगिच्यातून ५.४, असे एकूण सुमारे ९१ घनमीटर पाणी येईल. म्हणजे एका तासात एक्याण्णव हजार लिटर, टँकरच्या हिशेबात दहा हजारांचे नऊ टँकर.

आता बाहेर किती सोडायचे? माझा नियम असा की इमारत नसताना या भूखंडावरून जेवढे पाणी वाहिले असते, त्याहून जास्त सोडू नये. मोकळ्या जमिनीचा गुणांक ०.३ धरला तर त्याच तासात ३६ घनमीटर वाहिले असते, म्हणजे सेकंदाला १० लिटर. ही आपली कमाल मर्यादा. पण टाकी रिकामी असताना छिद्रावर पाण्याचा दाब नसतो, म्हणून सुरुवातीला धार बारीक असते आणि टाकी भरत जाईल तशी वाढते. टाकी एकसारखी भरत गेली असे मानल्यास सरासरी कमाल धारेच्या दोन-तृतीयांश येते, म्हणजे तासाला २४ घनमीटर.

तासाभराच्या सरीसाठी ९१ वजा २४, म्हणजे ६७ घनमीटर साठा लागेल. इथेच थांबणे ही सर्रास होणारी चूक आहे. सर अर्ध्या तासाची असो की चार तासांची, प्रत्येक कालावधीसाठी हाच हिशेब पुन्हा करावा लागतो. अर्ध्या तासात ४० मिलिमीटर धरले तर साठा ४९ घनमीटर लागतो. दोन तासांत ९० मिलिमीटर धरले तर येणारे पाणी १३६, जाणारे ४८, म्हणजे साठा ८८. चार तासांत ११० धरले तर येणारे १६७, जाणारे ९६ आणि साठा ७१. म्हणजे या उदाहरणात सर्वांत अवघड सर दोन तासांची निघाली. तासाच्या हिशेबावर बांधलेली टाकी तिच्यासमोर एकवीस हजार लिटरने तोकडी पडली असती.

पावसाचे हे आकडे मी हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष आराखड्यात भारतीय हवामान विभागाच्या नागपूर वेधशाळेच्या नोंदींवरून काढलेले तीव्रता-कालावधी-वारंवारतेचे वक्र (किती जोराची, किती वेळाची सर किती वर्षांतून एकदा येते हे दाखवणारे आलेख) वापरावेत, आणि किती वर्षांतून एकदा येणारी सर धरायची हे ठरवताना केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची २०१९ ची पर्जन्यजल निचऱ्याची नियमपुस्तिका समोर ठेवावी. गाळासाठी आणि अंदाजातल्या चुकीसाठी वर दहा-बारा टक्के वाढ करून आपण ९९ घनमीटर घेऊ: ११ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि छिद्राच्या वर १.८ मीटर पाणी.

छिद्राचे माप दाबावरून निघते. १.८ मीटर उंचीच्या पाण्याखाली गोल छिद्रातून सेकंदाला १० लिटर बाहेर पडायचे असतील, तर छिद्राचा विसर्ग गुणांक (हा अपधाव गुणांकाहून वेगळा) ०.६ धरून व्यास ६० मिलिमीटर येतो, साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. लाखभर लिटरची टाकी आणि तिला एवढेसे भोक, हे पाहून कमिटीतला कोणी ना कोणी हमखास हसतो. पण तुडुंब भरलेली टाकी याच भोकातून साडेपाच तासांत रिकामी होते, आणि आपल्याला हवे आहे तेही हेच. संध्याकाळी सर आली तर मध्यरात्रीनंतरच्या सरीला टाकी पुन्हा तयार. हे छिद्र काँक्रीटमध्ये पाडू नये. ते सहा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यात लेथवर कापून घ्यावे आणि पत्रा चार बोल्टनी भिंतीला बसवावा, म्हणजे पुढे माप बदलायचे झाले तर भिंत फोडावी लागत नाही.

माती कोणती आहे

नागपूर दोन प्रकारच्या जमिनींच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडे काळा बेसाल्ट खडक, तर पूर्वेला जुना स्फटिकी खडक. वरचा थर बहुतेक ठिकाणी काळ्या मातीचा, कुठे दोन फूट तर कुठे दहा फूट, आणि त्याखाली मुरूम. ही काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. टाकीच्या भिंतीला ती दर पावसाळ्यात ढकलते आणि दर उन्हाळ्यात सोडून देते.

यावरून दोन निर्णय होतात. पहिला असा की टाकी मुरमावर टेकवावी, काळ्या मातीवर नाही, आणि भिंतीभोवतीचा भराव खणलेल्या काळ्या मातीचा न करता मुरमाचा, थराथराने ठोकून करावा. कंत्राटदार खणलेली मातीच परत ढकलायला बघतो, कारण ती उचलून न्यायला ट्रकचे भाडे पडते. त्यामुळे ही अट करारातच लिहावी. दुसरा निर्णय पाणी मुरवण्याबद्दलचा आहे. तळ उघडा ठेवून पाणी जमिनीत जिरवण्याचा मोह अनेकांना होतो. छताच्या गाळलेल्या पाण्यासाठी, मुरमापर्यंत नेलेल्या शोषखड्ड्यात किंवा सोसायटीतल्या जुन्या विहिरीत ते ठीक आहे. पार्किंगच्या पाण्यात मात्र ऑइल आणि टायरचा काळा गाळ असतो, ते विहिरीत कधीही सोडू नये. आणि थोपवण्याच्या हिशेबात मुरण्याचा वेग धरूच नये. कोणी मे महिन्यात खड्डा खणून त्यात पाणी ओतून दाखवले, तर त्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. त्या वेळी माती हातभर तडकलेली असते आणि ओताल तेवढे पाणी गिळते. तोच खड्डा ऑगस्टच्या शेवटी भरून बघा, दुसऱ्या दिवशी पाणी तसेच असते.

पायापासूनचे अंतर हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा विषय आहे आणि त्याच्या सहीशिवाय एकही घमेले माती उचलू नये. साधा अंगठ्याचा नियम असा की इमारतीच्या पायाच्या खालच्या कडेपासून ४५ अंशांत खाली ओढलेल्या रेषेच्या आत खोदाई येता कामा नये.

रिकामी टाकी तरंगते

हा मुद्दा सांगितला की लोक अविश्वासाने बघतात, म्हणून आकडे मांडतो. आपल्या टाकीची आतली उंची २.३ मीटर आहे: छिद्राखाली गाळासाठी ०.३, पाण्यासाठी १.८ आणि वर मोकळी जागा ०.२. भिंती व छताचा स्लॅब प्रत्येकी २५ सेंटिमीटर आणि तळ ३० सेंटिमीटर जाडीचा धरला, तर बाहेरचे माप ११.५ गुणिले ५.५ गुणिले २.८५ मीटर होते, म्हणजे १८० घनमीटर. ऑगस्टच्या अखेरीस भूजल वर येते. ते स्लॅबच्या वरच्या पातळीपर्यंत पोचले तर टाकीला खालून १८० टनांचा रेटा बसेल. टाकीचे काँक्रीट सुमारे ५४ घनमीटर, वजन १३४ टन. वर फूटभर भराव व पेव्हर, त्याचे ३४ टन. एकूण १६८. म्हणजे रिकामी टाकी वर उचलली जाणार, आणि आपली टाकी तर रिकामी ठेवण्यासाठीच बांधलेली आहे!

पाणी धरणाऱ्या काँक्रीट बांधकामांच्या आयएस ३३७० या भारतीय मानकाप्रमाणे वजन रेट्याच्या किमान १.२ पट हवे, म्हणजे २१६ टन. याचा सोपा मार्ग असा की तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी अर्धा मीटर काढायचा. त्या कडेवर बसलेला मुरूम टाकीला धरून ठेवतो आणि त्याचे पाण्याखाली कमी भरणारे वजन धरूनही सुमारे ६० टनांची भर पडते. खोदाई त्या मानाने मोठी करावी लागते, हे आधीच धरावे. बांधकाम चालू असताना जूनचा पाऊस आला आणि स्लॅब, भराव काहीच झालेले नसेल, तर अर्धवट टाकी मुद्दाम पाण्याने भरून ठेवावी.

काँक्रीट एम-३० दर्जाचे असावे. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पाणी झिरपू न देणारी वॉटरस्टॉप पट्टी घालावी आणि ती वाकडी झाली नाही ना हे ओतकामाच्या आधी स्वतः बघावे. स्लॅबवर गाड्या उभ्या राहणार आहेत, कधी पाण्याचा टँकर किंवा अग्निशमन दलाची गाडीही येईल, म्हणून भार ठरवताना मोठी गाडी धरावी. माणूस उतरेल अशी किमान दोन झाकणे, टाकीच्या दोन टोकांना.

प्लास्टिकच्या क्रेटचा पर्यायही बाजारात आहे. ते एकावर एक रचून भोवती जलरोधक आवरण गुंडाळतात. नाली उथळ असेल आणि मोकळी जागा भरपूर असेल, तर पसरट टाकीसाठी ते चांगले काम देतात आणि काही दिवसांत बसतात. पण आत माणूस उतरू शकत नाही, साचलेला गाळ नीट काढता येत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात गाळ भरपूर येतो. पार्किंगखाली मी ते अजून सुचवलेले नाहीत. मोठ्या व्यासाचे ह्यूम पाइप (काँक्रीटचे तयार पाइप) आडवे ओळीने टाकून त्यांचा साठा करणे हा जुना मार्ग अरुंद, लांबट जागेत मला त्याहून बरा वाटतो.

पाणी टाकीपर्यंत आणणे

टाकी कितीही मोठी असली तरी पाणी तिच्यापर्यंत वेळेत पोचले पाहिजे. तासाला १०० मिलिमीटरच्या जोराच्या पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप साधारण चाळीस चौरस मीटर छताचेच पाणी नेऊ शकतो. आपल्या ८०० चौरस मीटर छताला असे वीस पाइप लागतील, आणि बहुतेक इमारतींना आठ-दहाच असतात. तिथे १५० मिलिमीटरचे पाइप घालावेत. अंगणात फाटकाच्या आत आडवी जाळीची नाली काढावी, म्हणजे आपले पाणी रस्त्यावर जाण्याआधीच पकडले जाते. तळपार्किंगच्या रॅम्पच्या तोंडाशी अर्ध्या फुटाचा गोलसर उंचवटा करावा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम तेच आहे.

टाकीच्या आधी गाळाचे चेंबर हवेच. एक मीटर लांब-रुंद, तळ आत येणाऱ्या पाइपाच्या दीड फूट खाली, मध्ये एक आडभिंत आणि पुढे दोन जाळ्या: पहिली २५ मिलिमीटरची, दुसरी १० ची. पहिल्या जाळीत पाने अडकतात, गुलमोहराच्या शेंगा अडकतात. दुसरी जाळी आपल्या शहराच्या खास कचऱ्यासाठी आहे. खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाची, प्लास्टिकची पन्नी पाण्यात पसरली की हाताच्या तळव्याएवढी होते, ६० मिलिमीटरच्या छिद्रावर जाऊन अशी चपखल बसते की टाकीतल्या पाण्याचाच दाब तिला धरून ठेवतो. एका टाकीच्या छिद्रावर मी अशा चार पन्न्या एकावर एक बसलेल्या पाहिल्या आहेत, चौथीला रबर तसाच गुंडाळलेला. म्हणून छिद्राभोवती आतल्या बाजूने पुन्हा एक पिंजरा बसवावा, ज्याच्या जाळीचे क्षेत्रफळ छिद्राच्या किमान वीसपट असेल, म्हणजे एक बाजू बंद पडली तरी दुसरीकडून पाणी जात राहते.

बाहेर पडण्याच्या तीन वाटा

पहिली वाट छिद्राची. तिच्या पुढच्या टोकाला, महापालिकेच्या चेंबरच्या आत, एकाच दिशेने उघडणारे झडपेचे झाकण बसवावे. रस्त्यावरची नाली आपल्या पाइपाच्या वर भरली की हे झाकण मिटते आणि रस्त्याचे पाणी टाकीत शिरत नाही. त्या काळात आपले पाणीही बाहेर जात नाही, हे खरे आहे, आणि सखल भागात यासाठी साठा थोडा वाढवून धरावा लागतो.

दुसरी वाट ओव्हरफ्लोची. हिशेबापेक्षा मोठा पाऊस एक ना एक दिवस येणारच. टाकी भरल्यावर वरचे पाणी २५० मिलिमीटरच्या पाइपाने थेट बाहेर जावे. तेही तुंबले तर पाणी जमिनीवरून कुठल्या दिशेने वाहील हे आधीच ठरवावे. त्या दिशेला फाटक यावे. लिफ्टचा खड्डा, विजेच्या मीटरची खोली किंवा तळपार्किंग येऊ नये. अंगणाचे उतार याच हिशेबाने द्यायचे असतात, आणि फरशीवाल्याला हे सांगितले नाही तर तो आपल्या सोयीने उतार देऊन मोकळा होतो.

तिसरी वाट पंपाची, जिथे उतार मिळत नाही तिथली. सेकंदाला १० लिटर पाणी पाच मीटर उंच चढवायला दीड अश्वशक्तीचा पंप पुरतो. त्याहून मोठा बसवू नये, नाहीतर थोपवलेले पाणी आपणच धपकन नालीत टाकतो आणि सगळ्या खर्चावर पाणी फिरते. गढूळ पाण्याचे दोन पंप घ्यावेत, आळीपाळीने चालणारे, तरंगत्या स्विचवर सुरू-बंद होणारे. आणि मुसळधार सरीत वीज जाते हे गृहीतच धरावे, म्हणून पंपाची जोडणी जनरेटरवर हवी आणि त्याचे पॅनेल जमिनीपासून चार फूट वर भिंतीवर. पंप पाण्यात आणि पॅनेलही पाण्यात, असे एक ठिकाण मी पाहिले आहे.

वेळापत्रक आणि सांभाळ

खोदाई दिवाळीनंतर सुरू करावी. त्या वेळी जमीन ओलसर पण घट्ट असते, भूजल उतरू लागलेले असते आणि मे अखेरपर्यंत पुरेसे महिने हातात असतात. मृग नक्षत्र लागायच्या आत भराव आणि वरचे पेव्हर झालेले हवेत. भराव घालण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून आठवडाभर ठेवावी, रोज एकाच वेळी पातळी खडूने भिंतीवर लिहावी आणि बाहेरून भिंती कोरड्या आहेत का ते बघावे. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कडेला आधार लावल्याशिवाय मजूर उतरवू नयेत, काळी माती वरून टणक दिसली तरी अचानक ढासळते.

पुढे दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाळाचे चेंबर, जाळ्या आणि छिद्राचा पिंजरा साफ करावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण उन्हाळाभराची धूळ आणि पाने त्या एका पावसात येतात. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरते. टाकीत उतरायची वेळ आली तर दोन्ही झाकणे काही तास उघडी ठेवावीत, पंख्याने हवा आत सोडावी, वायू तपासण्याचे यंत्र आधी आत सोडून बघावे आणि वर एक माणूस दोर धरून उभा असावा. गाळ कुजून तयार झालेल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही. हे काम रोजंदारीवर कोणालाही दोनशे रुपये देऊन करवून घेण्यासारखे नाही.

डासांची भीती रहिवासी पहिल्याच सभेत काढतात, आणि ती रास्त आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दीड आठवडा लागतो, साडेपाच तासांत रिकाम्या होणाऱ्या टाकीत त्याला तेवढी सवड मिळत नाही. छिद्राखालच्या फूटभर भागात मात्र पाणी राहते. तो भाग तळाला उतार देऊन एका कोपऱ्यातल्या लहान खड्ड्यात गोळा करावा, लहान पंपाने उपसावा, आणि झाकणे व हवेच्या नळ्यांना बारीक जाळी लावावी. साठवणीच्या टाकीला तर ही जाळी हवीच.

टाकी वेळेत रिकामी झाली की नाही, हे कळण्यासाठी झाकणाखाली भिंतीवर रंगाने मीटरपट्टी काढून घ्यावी. जोराचा पाऊस थांबल्यावर सहा तासांनी चौकीदाराने झाकण उचलून, बॅटरी मारून पातळी बघावी आणि फाटकाजवळच्या वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहावा. पाणी छिद्राच्या वर दिसले तर पन्नी अडकली आहे किंवा बाहेरची नाली भरलेली आहे, दोन्हीपैकी काय ते बाहेरचे चेंबर उघडताच कळते. वर सांगितलेल्या सोसायटीत मी पुढच्या उन्हाळ्यात तो व्हॉल्व्ह काढून टाकला आणि बगिच्यासाठी वीस हजार लिटरची वेगळी टाकी बांधून दिली. वही चौकीदार काकाच लिहितात, आणि बगिच्याच्या टाकीची पातळीही, कोणी सांगितले नसताना, शेजारच्या रकान्यात लिहून ठेवतात.